‘श्रू’ आणि ‘श्रूड’ : एका इंग्रजी शब्दकुळाच्या अर्थांतराची चिकित्सा

प्रस्तावना :

शब्दांना जसा इतिहास असतो तसा शब्दांच्या अर्थांनाही असतो. भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत या इतिहासाची मांडणी अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष अशा चार सदरांखाली केली जाते. प्रत्येक सदराखाली तीन-चार उदाहरणे देऊन विषय संपवला जातो. ही सदरे काय घडले ते सांगतात. ते का घडले आणि कोणाच्या बाबतीत घडले हा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. इंग्रजीतील ‘श्रू’ हा शब्द आणि त्यापासून सिद्ध झालेले ‘श्रूड’ हे विशेषण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. आज पहिल्या शब्दाचा अर्थ कजाग, भांडखोर स्त्री असा होतो, तर दुसऱ्याचा अर्थ चाणाक्ष, व्यवहारचतुर व्यक्ती असा होतो. एक शिवी आहे, दुसरे प्रशस्तिपत्र. दोघांचे मूळ एकच.

या विषयाला अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. शेक्सपिअरचे ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ हे नाटक शिकवताना शीर्षकातील शब्दाचा अर्थ ‘कजाग बायको’ असा एका दमात सांगितला जातो आणि विद्यार्थी तो अर्थ गृहीत धरूनच संहिता वाचू लागतो. आजच्या कोशातील अर्थ चार शतकांपूर्वीच्या संहितेवर लादला गेल्यामुळे नाटकातील एक महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे नाटकातील खरा ‘श्रू’ कोण हा प्रश्न, विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या शब्दकुळाचा अर्थप्रवास कालक्रमाने तपासला आहे. नामाचा अपकर्ष आणि विशेषणाचा उत्कर्ष या दोन स्वतंत्र घटना नसून एकाच मूल्यव्यवस्थेने केलेली ती वाटणी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्राणिवाचक शब्द आणि लोकसमजुती :

‘श्रू’ हे मुळात एका लहानशा प्राण्याचे नाव आहे. प्राचीन इंग्रजीतील शब्दसूचींत ते ‘स्क्रेआवा’ अशा रूपात आढळते. हा प्राणी दिसायला उंदरासारखा असला तरी तो कृंतक वर्गातला नाही. लांब निमुळते तोंड असलेला तो कीटकभक्षी प्राणी आहे. आपल्याकडे घरांतून रात्री वावरणारी चिचुंद्री याच कुळातली. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे वजन पंधरा ग्रॅमपर्यंतही जात नाही. शरीर लहान आणि चयापचय अतिशय वेगवान असल्याने त्याला दर दोन-तीन तासांनी खावे लागते. तो एकटा राहतो आणि आपल्या हद्दीत शिरलेल्या स्वजातीयाशीही कर्कश चीत्कार करीत भांडतो.

या इवल्या प्राण्याविषयी इंग्लंडच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ भीती होती. त्याचा दंश विषारी असतो आणि तो गुराच्या पाठीवरून गेला तर ते जनावर लुळे पडते, असा समज होता. एडवर्ड टॉपसेलने १६०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथात या प्राण्याचे वर्णन क्रूर आणि विषारी म्हणून केले आहे. गिल्बर्ट व्हाइटने १७८९ च्या ‘नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबर्न’ या ग्रंथात यावरील उपायाची नोंद केली आहे. ॲश वृक्षाच्या बुंध्याला भोक पाडून त्यात जिवंत ‘श्रू’ कोंबायचा आणि भोक बुजवून टाकायचे. पुढे त्या झाडाच्या डहाळ्या आजारी गुरावरून फिरवल्या की ते बरे होते, अशी श्रद्धा होती. व्हाइट या प्रकाराकडे अंधश्रद्धा म्हणूनच पाहतो. तथापि ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. या कुळातील काही जातींच्या, उदाहरणार्थ युरोपातील पाणथळ जागी राहणाऱ्या जातीच्या, लाळेत विष असते हे आधुनिक प्राणिशास्त्राने मान्य केले आहे. लहान देह, तीक्ष्ण आवाज आणि विषारी दंश ही तीन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागतात.

मध्ययुगीन इंग्रजी : दुष्ट माणूस, मग तो कोणीही असो :

१३ व्या शतकापासून हा शब्द माणसांना लावलेला आढळतो. हा मानवी अर्थ थेट प्राण्यावरूनच आला की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्ययुगीन जर्मनमधील सैतान वा खुजा भूतविशेष या अर्थाच्या एका सदृश शब्दाकडेही काही व्युत्पत्तिकार बोट दाखवतात. मात्र माणसाला लागलेल्या या शब्दाचा आरंभीचा अर्थ ‘दुष्ट, दुर्जन, उपद्रवी माणूस’ असा होता आणि त्यात स्त्री-पुरुष भेद नव्हता, ही गोष्ट निर्विवाद आहे.

या संदर्भात जेफ्री चॉसरची साक्ष सर्वांत महत्त्वाची ठरते. बोइथिअसच्या तत्त्वचिंतनपर ग्रंथाचा त्याने १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी गद्यात अनुवाद केला. सज्जनांना दुःख आणि दुर्जनांना सुख का मिळते, हा त्या ग्रंथातील एक मध्यवर्ती प्रश्न. तेथे ‘दुर्जन’ या अर्थाने चॉसर ‘श्रू’ हाच शब्द वापरतो आणि ‘दुष्टता’ या अर्थाने त्यापासून बनलेले भाववाचक नाम योजतो. म्हणजे नीतिशास्त्राच्या गंभीर चर्चेत वापरता येण्याजोगे या शब्दाला वजन होते.

‘कँटरबरी टेल्स’मध्ये या शब्दाचे आणखी बारकावे दिसतात. बाथची गृहिणी आपल्या पाच नवऱ्यांची हकिगत सांगते तेव्हा ती आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याला याच शब्दाने हिणवते. आणि ज्याच्यावर तिचे सर्वाधिक प्रेम होते, त्या पाचव्या नवऱ्यालाही आपल्याशी सर्वांत वाईट वागलेला ‘श्रू’ म्हणते. त्याच काव्यात व्यापारी आपल्या बायकोविषयी तक्रार करताना हाच शब्द वापरतो आणि सराईचा यजमानही आपल्या बायकोच्या जिभेविषयी बोलताना याच शब्दाचा आधार घेतो. चॉसरच्या काळी, थोडक्यात, बायको नवऱ्याला ‘श्रू’ म्हणू शकत होती आणि नवरा बायकोला. शब्द दोघांच्या हातातले शस्त्र होता. पुढील दोन शतकांत हे शस्त्र एकाच पक्षाच्या हाती राहिले.

तपशिलातला एक फरक मात्र येथेच नोंदवला पाहिजे. गृहिणीच्या तोंडी हा शब्द पाचव्या नवऱ्याच्या मारहाणीच्या संदर्भात येतो, तर यजमानाच्या तोंडी तो बायकोच्या बोलण्याच्या संदर्भात येतो. पुरुष कृतीमुळे ‘श्रू’ ठरतो, स्त्री वाणीमुळे. पुढे घडलेल्या अर्थसंकोचाचे बीज या फरकात दिसते.

अर्थसंकोच : वाणीचा अपराध :

१६ व्या शतकापर्यंत पुरुषवाचक उपयोग क्रमाने विरळ होत गेला. त्या काळच्या म्हणींत ‘श्रू’ आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी अशी पत्नींची जोडी लावलेली दिसते. मेंढीपेक्षा ‘श्रू’ बायको बरी की वाईट, यावर मते वेगवेगळी असली तरी शब्द बायकोसाठीच आहे याविषयी शंका उरलेली नव्हती. या शतकाच्या मध्याच्या सुमारास रचल्या गेलेल्या एका विनोदी पद्यकथेत नवरा आपल्या ‘श्रूड’ बायकोला मारून, मोरेल नावाच्या घोड्याच्या खारवलेल्या कातड्यात गुंडाळतो. ही कथा करमणुकीसाठी छापली गेली होती, हे त्या काळच्या वाचकाच्या अभिरुचीविषयी पुरेसे बोलके आहे.

हा बदल केवळ शब्दकोशात घडत नव्हता. इंग्रजी सामान्य कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडून सार्वजनिक शांततेचा भंग करणारी स्त्री असा एक अपराध मानला गेला होता. त्याची शिक्षा म्हणजे अपराधी स्त्रीला खुर्चीला बांधून तळ्यात वा नदीत बुडवून काढणे. तोंडात लोखंडी पट्टी जाऊन जीभ दाबली जाईल अशी मुसकी घालून गावातून फिरवण्याचीही पद्धत काही ठिकाणी होती. विल्यम ब्लॅकस्टोनने आपल्या विधिभाष्याच्या १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या अपराधाची चर्चा करताना एक लक्षणीय गोष्ट नोंदवली आहे. कायद्यातील लॅटिन संज्ञा ‘कम्युनिस रिक्साट्रिक्स’ ही स्त्रीलिंगी आहे, म्हणून हा अपराध फक्त स्त्रीच करू शकते. व्याकरणातील लिंगाने येथे गुन्हेगाराचे लिंग निश्चित केले. भांडखोर पुरुष समाजात नव्हते असे नाही. त्यांच्यासाठी हा शब्द उपलब्ध नव्हता इतकेच.

ही केवळ मध्ययुगीन विकृती होती असे समजून चालणार नाही. लेमस्टर या इंग्लिश गावी १८०९ मध्ये एका स्त्रीला या प्रकारे पाण्यात बुडवण्याची शिक्षा अमलात आली. अमेरिकेत ॲन रॉयल या लेखिकेला १८२९ मध्ये वॉशिंग्टन येथे याच अपराधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. पाण्यात बुडवण्याऐवजी तिला दहा डॉलर दंड झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा अपराध १९६७ च्या फौजदारी कायद्यान्वये रद्द झाला.

डेव्हिड अंडरडाउन या इतिहासकाराने १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मत मांडले की, १५६० ते १६४० या काळात भांडखोर स्त्रियांविषयीची चिंता विशेष तीव्र झाली होती आणि बदलत्या अर्थव्यवस्थेमुळे निर्माण झालेल्या सामाजिक ताणाचे ते लक्षण होते. मार्टिन इन्ग्रमने १९९४ मध्ये या मताचा प्रतिवाद करून अशा खटल्यांचे प्रमाण आणि त्यावरून काढलेला ‘संकटा’चा निष्कर्ष अतिरंजित असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. हा वाद इतिहासकारांचा आहे. शब्दार्थाच्या दृष्टीने मात्र खटल्यांची संख्या निर्णायक ठरत नाही. अपराधाची व्याख्याच लिंगाधारित असणे, एवढी एक गोष्ट अर्थसंकोच समजून घेण्यास पुरेशी आहे. ज्या समाजात स्त्रीचे बोलणे दखलपात्र गुन्हा ठरते, त्या समाजात ‘दुर्जन’ या अर्थाचा शब्द ‘फार बोलणारी बायको’ या अर्थापर्यंत आक्रसत जाणे स्वाभाविक ठरते.

शेक्सपिअरचे नाटक : संक्रमणाची संहिता :

‘द टेमिंग ऑफ द श्रू’ हे नाटक १५९० ते १५९२ च्या सुमारास लिहिले गेले असावे, असे सामान्यतः मानले जाते. ते १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’त छापले गेले. शीर्षकातील दोन्ही शब्द लक्षपूर्वक वाचावे लागतात. ‘टेमिंग’ म्हणजे माणसाळवणे ही क्रिया पशुपक्ष्यांसाठी वापरली जाते. माणसाला लागलेल्या शब्दातील विसरला गेलेला प्राणी या क्रियापदामुळे पुन्हा जागा होतो. पेट्रूकिओ आपल्या पद्धतीची तुलना स्वतःच बहिरी ससाणा शिकवण्याशी करतो. उपाशी ठेवणे आणि झोपू न देणे ही त्या शिक्षणाची दोन अंगे तो कॅथरिनावर जशीच्या तशी वापरतो.

तथापि नाटकातील शब्दयोजना शीर्षकाइतकी एकमार्गी नाही. चौथ्या अंकात पेट्रूकिओ नववधूला घेऊन आपल्या घरी येत असतो. वाटेत तो कसा वागला याची हकिगत त्याचा नोकर ग्रूमिओ घरातील दुसरा नोकर कर्टिस याला सांगतो. ती ऐकून कर्टिस असा अभिप्राय देतो की, या हिशेबाने तिच्यापेक्षा आपला धनीच अधिक ‘श्रू’ दिसतो. आजचा वाचक याकडे केवळ विनोद म्हणून पाहतो. स्त्रीला लागणारा शब्द पुरुषाला लावला, म्हणून हसू येते. परंतु चॉसरच्या उपयोगाची पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे या उद्गारात जुना, उभयलिंगी अर्थ अजून जिवंत असल्याचे दिसते. कर्टिस वयस्क आहे, नोकर आहे, स्वयंपाकघराच्या भाषेत बोलणारा आहे. शब्दाचा जुना, न्याय्य अर्थ त्याच्या तोंडी टिकून राहिला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. नाटकात पेट्रूकिओला या शब्दाने हिणवणारा नोकर आहे. धनिक पुरुषांच्या चर्चेत मात्र हा शब्द कॅथरिनासाठीच राखून ठेवलेला आहे.

कर्टिसचा उद्गार गंभीरपणे घेतला तर नाटकाचे शीर्षकच संदिग्ध होते. माणसाळवला जाणारा ‘श्रू’ कोण, हा प्रश्न उभा राहतो. कॅथरिनाचा संताप अकारण नाही, हेही मग दिसू लागते. धाकट्या बहिणीला बापाचे झुकते माप आहे आणि विवाहाचा सौदा वऱ्हाडाच्या बोलीप्रमाणे चाललेला आहे. ‘श्रू’ हे विशेषनामासारखे लागलेले लेबल या कारणांवर पडदा टाकते. पेट्रूकिओचा संताप मात्र हेतुपूर्वक, म्हणून ‘चतुर’ ठरतो. कॅथरिनाचे शेवटच्या अंकातील ४४ ओळींचे भाषण हे संपूर्ण नाटकातील सर्वांत दीर्घ भाषण आहे. जिच्या जिभेला लगाम घातल्याचा विजय साजरा होतो, तिलाच सर्वांत जास्त बोलायला मिळते, ही विसंगती प्रत्येक पिढीतील नटांना आणि दिग्दर्शकांना आव्हान देत आली आहे.

या शीर्षकाची संदिग्धता शेक्सपिअरच्या समकालीनांनाही जाणवली असावी. जॉन फ्लेचरने १६११ च्या सुमारास ‘द वुमन्स प्राइझ’ हे उत्तरनाटक लिहिले. त्यात कॅथरिना मरण पावलेली आहे आणि पेट्रूकिओची दुसरी पत्नी मरिया त्यालाच माणसाळवते. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००३ मध्ये ही दोन्ही नाटके जोडीने सादर केली. फ्लेचरचे हे नाटक कर्टिसच्या एका वाक्याचा विस्तार आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

‘श्रूड’ : विशेषणाचा उत्कर्ष :

नामाची ही घसरण चालू असताना विशेषणाने वेगळी वाट धरली. १४ व्या शतकात ‘श्रूड’ म्हणजे दुष्ट, वाईट, घातक. शेक्सपिअरच्या काळात हा शब्द अनेक छटांत वावरताना दिसतो. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या संकटाची बातमी आणणाऱ्या पत्रातील मजकुरासाठी, म्हणजे ‘वाईट’ या अर्थाने, पोर्शिया हे विशेषण वापरते. ‘हॅम्लेट’मध्ये मध्यरात्रीच्या बोचऱ्या हवेसाठी त्याचे क्रियाविशेषण येते. ‘मच अडो अबाउट नथिंग’मध्ये बिॲट्रिसच्या जिभेला हे विशेषण लागते आणि अशाने तिला नवरा मिळणार नाही, असा इशाराही त्यासोबत मिळतो.

‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील दोन उपयोग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. हर्मियाच्या रागीटपणाविषयी बोलताना हेलेना तिला ‘श्रूड’ म्हणते आणि लगोलग ‘व्हिक्सन’ म्हणजे कोल्हीण हा शब्दही जोडते. त्याच नाटकात पक या खोडकर भूतयोनीतील पात्रालाही ‘श्रूड’ म्हटले आहे. हर्मियाच्या बाबतीत अर्थ कजागपणाकडे झुकतो, तर पकच्या बाबतीत खट्याळ चातुर्याकडे. एकाच नाटकात एकाच विशेषणाच्या दोन वाटा फुटताना दिसतात.

१६ व्या शतकापासून ‘धूर्त, तीक्ष्णबुद्धी’ हा अर्थ बळावत गेला, परंतु हा उत्कर्ष झटपट झाला नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या विशेषणाचा पहिला अर्थ ‘श्रू’चे गुण असलेला असाच दिला आहे आणि धूर्तपणाच्या अर्थातही चांगुलपणापेक्षा कपटाचे पारडे जड ठेवले आहे. त्याच कोशात ‘श्रू’ची व्याख्या करताना जॉन्सन निंदाव्यंजक विशेषणांची रांग लावतो आणि शेवटी ती सर्व ‘स्त्री’ या शब्दाला जोडतो. पुरुषाचा उल्लेखही नाही. म्हणजे १८ व्या शतकाच्या मध्यापर्यंत नामाचा संकोच पूर्ण झाला होता, पण विशेषणाची प्रतिष्ठा पूर्ण झाली नव्हती आणि दोहोंतील नाते कोशकाराला स्पष्ट दिसत होते. त्यानंतरच्या काळात ‘श्रूड’ हा शब्द व्यापारी, राजकारणी, वकील, गुंतवणूकदार यांच्या गुणवर्णनात स्थिरावला. आजच्या इंग्रजी भाषकाला या दोन शब्दांतील नाते सांगितल्याशिवाय जाणवत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आजच्या इंग्रजीत एखाद्या उद्योजक स्त्रीलाही ‘श्रूड’ म्हटले जाते. मग हा उत्कर्ष पुरुषांपुरता होता असे कसे म्हणता येईल? आक्षेप रास्त आहे आणि त्यातूनच विवेचनाला अधिक नेमकेपणा येतो. ही वाटणी व्यक्तींची नसून क्षेत्रांची आहे. तीक्ष्णपणा हा मूळ गुण दोन्ही शब्दांत समान आहे. तो बाजारात, दरबारात, न्यायालयात प्रकट झाला तर ‘श्रूड’ ठरतो. घरात, नवऱ्यासमोर, शब्दांतून प्रकट झाला तर ‘श्रू’ ठरतो. पहिल्या क्षेत्रात दीर्घकाळ पुरुषांचाच वावर होता आणि दुसऱ्या क्षेत्रात स्त्रीला बंदिस्त केले होते. स्त्रिया पहिल्या क्षेत्रात आल्या तेव्हा विशेषण त्यांनाही मिळाले. घरातल्या पुरुषाला नाम मात्र परत मिळाले नाही.

सहप्रवासी शब्दांची साक्ष :

एकाच शब्दावरून नियम काढणे अशास्त्रीय ठरेल, म्हणून आणखी दोन शब्दांची साक्ष काढणे उचित होईल. ‘टर्मगंट’ हे मध्ययुगीन ख्रिस्ती कथाकाव्यांनी मुसलमानांच्या माथी मारलेल्या एका काल्पनिक दैवताचे नाव. हे दैवत आरडाओरडा करणारे, उग्र आणि पुरुषरूपी होते. हॅम्लेट नटांना उपदेश करतो तेव्हा अतिरंजित अभिनयाचा दाखला म्हणून या पात्राचा उल्लेख करतो. पुढे हेच नाव आरडाओरडा करणाऱ्या स्त्रीसाठी रूढ झाले. ‘व्हिरागो’ या शब्दाची कथा याहून सूचक आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील पुरुषवाचक ‘वीर’ हा शब्द आहे. लॅटिन बायबलमध्ये आदम आपल्या सहचरीला हेच नाव देतो. पराक्रमी, पुरुषासारखी धैर्यवान स्त्री हा त्याचा गौरवपर अर्थ होता. कालांतराने तोही कजाग स्त्री या अर्थापर्यंत उतरला.

तीन शब्द तीन दिशांनी आले. एक प्राण्याचे नाव, एक देवाचे, एक शौर्याचे. तिन्ही एकाच मुक्कामी पोहोचले. मूळ अर्थ वेगवेगळे असताना शेवट एकच होतो तेव्हा त्याचे कारण शब्दांत शोधून चालत नाही. ज्या समाजाला त्या अर्थाच्या शब्दांची सतत गरज भासत होती, त्या समाजात ते शोधावे लागते. अर्थापकर्ष ही संज्ञा येथे वर्णन करते, स्पष्टीकरण देत नाही.

मराठीतील अनुवाद : ‘त्राटिका’ :

हा प्रश्न मराठी रंगभूमीशीही निगडित आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी १९ व्या शतकाच्या अखेरच्या दशकात या नाटकाचे ‘त्राटिका’ हे मराठी रूपांतर केले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांच्या प्रतापरावाच्या भूमिकेमुळे ते गाजले. शेक्सपिअरच्या रंगमंचावर कॅथरिना मुलगा नट साकारीत असे. मराठी रंगभूमीवरही त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. कजाग स्त्रीची प्रतिमा लिहिणारे, बोलणारे आणि नटवणारे, असे सारे पुरुषच होते, हे साम्य दुर्लक्षिण्यासारखे नाही.

रूपांतरकाराची शीर्षकनिवड मार्मिक आहे. इंग्रजी प्राणिवाचक शब्दाऐवजी त्यांनी रामायणातील राक्षसी योजली आणि मराठी प्रेक्षकाला एका शब्दात सारे समजले. परंतु रामायणातील मूळ कथा पाहता ताटका ही जन्माने राक्षसी नव्हती. ती यक्षकन्या होती. पती सुंद याचा मृत्यू झाल्यावर ती अगस्त्य ऋषींवर चालून गेली आणि त्यांच्या शापाने राक्षसी झाली. तिच्या संतापाला कारण होते. ‘त्राटिका’ हा शब्द रूढ झाला तेव्हा कारण गळून पडले आणि केवळ संताप उरला. कॅथरिनाच्या बाबतीत ‘श्रू’ या शब्दाने जे केले, तेच ताटकेच्या बाबतीत मराठी वाक्प्रचाराने केले.

शिवाय ‘त्राटिका’ हा शब्द पुरुषाला लावता येत नाही. त्यामुळे कर्टिसच्या उद्गारातील श्लेष या शीर्षकाच्या आधारे मराठीत आणणे अशक्यप्राय होते. मराठीत रागीट पुरुषाला ‘दुर्वास’ किंवा ‘जमदग्नी’ म्हणतात. ही ऋषींची नावे आहेत. त्यांच्या क्रोधामागे तपश्चर्येचा अधिकार गृहीत धरलेला असतो. रागीट पुरुष ऋषी आणि रागीट स्त्री राक्षसी, ही मराठीतील वाटणी ‘श्रूड’ आणि ‘श्रू’ यांच्या वाटणीहून फारशी वेगळी नाही. ‘रणचंडी’सारख्या शब्दात देवीचे तेज टिकून आहे हे खरे, पण ते तेज रणापुरते मान्य होते, स्वयंपाकघरात त्याच स्त्रीला ‘कर्कशा’ म्हटले जाते.

अध्यापनात ‘श्रू’साठी मराठी पर्याय द्यायचाच झाला तर ‘द्वाड’ हा शब्द विचारात घेण्यासारखा आहे. तो पुरुष, स्त्री आणि मूल या तिघांनाही लागतो, त्यात दुष्टपणा आणि खोडकरपणा अशा दोन्ही छटा आहेत आणि चॉसरच्या उपयोगाशी तो बराच जुळतो. कर्टिसचा उद्गार या शब्दाने मराठीत सहज उतरतो : या हिशेबाने तिच्यापेक्षा आपला धनीच जास्त द्वाड!

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. माणसाला लागलेल्या ‘श्रू’ या शब्दाचा आरंभीचा अर्थ ‘दुर्जन’ असा उभयलिंगी होता. चॉसरच्या लेखनात स्त्री आणि पुरुष दोघेही परस्परांसाठी हा शब्द वापरतात.

२. त्याचा अर्थसंकोच हा स्त्रीच्या वाणीला अपराध मानणाऱ्या कायद्याच्या आणि लोकाचाराच्या सोबतीने घडला. १७५५ पर्यंत कोशातून पुरुष पूर्णतः बाहेर पडला होता.

३. ‘श्रूड’ या विशेषणाचा उत्कर्ष ही याच प्रक्रियेची दुसरी बाजू आहे. तीक्ष्णपणा या एकाच गुणाचे मोल क्षेत्रपरत्वे वेगळे ठरवले गेले.

४. शेक्सपिअरच्या नाटकात जुना व नवा असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कर्टिसचा उद्गार जुन्या अर्थाची साक्ष देतो आणि शीर्षकाचे पुनर्वाचन करण्यास भाग पाडतो.

५. मराठी रूपांतराने आणि वर्गातील रूढ अर्थकथनाने ही संदिग्धता पुसली जाते. ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हे अध्यापकाचे काम आहे.

शब्दाचा अर्थ सांगणे हे वर्गातील सर्वांत साधे काम समजले जाते. त्या अर्थाबरोबर एखाद्या समाजाने दिलेला निवाडाही सांगितला जातो, याचे भान क्वचितच ठेवले जाते. कॅथरिना ‘श्रू’ होती हे विधान फळ्यावर लिहिण्यापूर्वी, तिला तसे कोणी आणि कशासाठी म्हटले, एवढा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवला गेला तरी शब्दार्थशास्त्राचा अभ्यास सार्थकी लागेल.